मोठ्या संख्येची ओळख कशी करून घ्यायची: ६३,५३,१८,६५७ च्या निमित्ताने

मोठी संख्या समोर आली की आपण ती फार तर एकदा वाचतो आणि पुढे जातो. शाळेत विभाज्यतेच्या कसोट्या, वर्गमूळ, मूळ अवयव हे सगळं शिकलेलं असतं, पण प्रत्येक गोष्ट वेगळ्या धड्यात. एकाच संख्येवर या सगळ्या गोष्टी ओळीने लावून पाहा असं कुणी सांगत नाही. माझ्या मते अंकगणिताची गोडी लागते ती इथेच. एक संख्या घ्यायची आणि तिला एकामागून एक प्रश्न विचारत राहायचं.

या लेखासाठी मी ६३,५३,१८,६५७ ही संख्या घेतली आहे. ती का घेतली हे आत्ता सांगत नाही. पायऱ्या चढत गेलात तर तिची खासियत तुमच्या स्वतःच्या आकडेमोडीतून समोर येईल, आणि तशी ती येण्यात जी मजा आहे ती आधीच सांगून घालवायची माझी इच्छा नाही. कागद, पेन्सिल आणि साधा कॅलक्युलेटर एवढं पुरे. भागाकाराला आणि बाकी काढायला ज्यांना कंटाळा येत नाही, त्यांना बाकी कसली तयारी लागत नाही.

पायरी १: संख्या नीट मांडून घ्या

त्रेसष्ट कोटी, त्रेपन्न लाख, अठरा हजार, सहाशे सत्तावन्न. मोठ्याने वाचा. ही पायरी बाळबोध वाटेल, पण मोठ्या संख्यांच्या कामात निम्म्या चुका अंक उतरवतानाच होतात. अंक किती आहेत ते मोजा: नऊ. तीच संख्या तीन-तीन अंकांचे गट करूनही लिहून ठेवा: ६३५ । ३१८ । ६५७. आपले स्वल्पविराम वाचायला सोयीचे असतात, पण पुढच्या एका कसोटीत तिनाचे गटच लागतील.

साधनाबद्दल एक सावधगिरीची सूचना. साधारण स्प्रेडशीट संख्येचे १५ अंकच अचूक धरते. आपली संख्या नऊ अंकी आहे, म्हणून ती सुखरूप आहे. तिचा वर्ग मात्र १८ अंकी होतो, आणि तिथे शेवटचे अंक गुपचूप शून्य होऊन बसतात. पडद्यावर उत्तर दिसतं, ते चुकलेलं असतं आणि चुकल्याची कसलीही खूण नसते. म्हणून मोठे गुणाकार पायथनसारख्या संगणकाच्या भाषेत करा, कारण तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो, नाहीतर सरळ हाताने करा.

पायरी २: लहान संख्यांच्या कसोट्या

शेवटचा अंक ७. म्हणजे संख्या विषम आहे आणि तिला ५ ने भाग जात नाही. शेवटचे तीन अंक ६५७, त्यांना ८ ने भागलं की बाकी १ उरते. १००० ला ८ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे संपूर्ण संख्येचीही ८ ने भागल्यावरची बाकी १ च. ही बाकी बाजूला लिहून ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

अंकांची बेरीज: ६ + ३ + ५ + ३ + १ + ८ + ६ + ५ + ७ = ४४, आणि ४ + ४ = ८. म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी ८, ३ ने भागल्यावर २. दोन्हींनी भाग जात नाही.

७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकाच फटक्यात लावता येते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तिनाचे गट घ्या आणि आळीपाळीने मिळवा-वजा करा: ६५७ − ३१८ + ६३५ = ९७४. आता नऊ अंकी संख्येऐवजी या ९७४ लाच भागायचं. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ६, १३ ने बाकी १२. तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. ही कसोटी शाळेत क्वचितच शिकवतात, आणि याचं मला नेहमी वाईट वाटतं. एवढ्या कमी श्रमात एवढं सांगणाऱ्या युक्त्या फार थोड्या आहेत.

पायरी ३: ताळा ठेवण्याची सवय

आत्ता काढलेल्या दोन बाक्या, नवाची ८ आणि अकराची ६, यांचा उपयोग विभाज्यतेपुरता नाही. पुढे आपण ही संख्या अवयवांत फोडणार आहोत, आणि प्रत्येक गुणाकाराचा ताळा या बाक्यांनी पाहता येतो. अवयवांच्या नवाच्या बाक्या एकमेकींना गुणा, आलेल्याची पुन्हा बाकी काढा, ती ८ आली पाहिजे. नवाच्या ताळ्याची एक उणीव आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तर अंकांची बेरीज तीच राहते आणि चूक सुटून जाते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यात पकडली जाते. म्हणून दोन्ही ताळे पाहा. मिनिटभराचं काम आहे आणि त्याने तासाभराची पायपीट वाचते.

पायरी ४: वर्ग आहे का, घन आहे का

पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ असतो. ७ कधीच नसतो. म्हणजे आपली संख्या वर्ग नाही, आणि हे वर्गमूळ न काढताच कळलं. तरीही वर्गमूळ काढाच, कारण ते पुढे लागणार आहे. २५,२०५ चा वर्ग ६३,५२,९२,०२५ आणि २५,२०६ चा वर्ग ६३,५३,४२,४३६. आपली संख्या या दोघांच्या मध्ये.

घनाच्या बाबतीत नवाची बाकी मदत करत नाही. घनांना ९ ने भागल्यावर ०, १ किंवा ८ बाकी उरते, आणि आपली ८ त्यात बसते. इथे नवखे लोक घाई करतात: कसोटीत बसली म्हणजे घन आहे, असं धरून चालतात. कसोटी फक्त नकार ठामपणे देऊ शकते. ८५९ चा घन ६३,३८,३९,७७९ आणि ८६० चा ६३,६०,५६,०००, म्हणजे ती घनही नाही.

पायरी ५: मूळ की संयुक्त?

हा प्रश्न अवयव शोधण्यापेक्षा वेगळा आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खूप नवल वाटलं होतं. एखादी संख्या मूळ नाही हे तिचा एकही अवयव माहीत नसताना सिद्ध करता येतं.

त्यासाठी फर्माचं लहान प्रमेय वापरायचं. फ्रेंच गणितज्ञ फर्माने ते १६४० मध्ये मांडलं. २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यातून १ वजा करा, २ चा तितकावा घात काढा आणि त्याला त्याच मूळ संख्येने भागा. बाकी १ च उरते. ७ वर करून पाहा: २ चा सहावा घात ६४, आणि ६४ = ७ × ९ + १. आता हेच आपल्या संख्येवर करायचं. घात अवाढव्य आहे, पण तो सबंध काढावा लागत नाही. प्रत्येक वेळी वर्ग करून लगेच बाकी घ्यायची, म्हणजे साधारण ३० वर्गांत काम उरकतं. संगणकावर ते क्षणार्धात होतं. बाकी १ येत नाही. म्हणजे ६३,५३,१८,६५७ संयुक्त आहे, आणि अजून तिचा एकही अवयव आपल्याला ठाऊक नाही.

उलट बाजूने मात्र जपून. बाकी १ आली म्हणजे संख्या मूळच, असं नाही. ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त संख्या या कसोटीतून सहीसलामत सुटते.

या दोन प्रश्नांत किती अंतर असू शकतं याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २१ अंकी संख्या मर्सेनने १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदवली होती. ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं की ती मूळ नाही. पण तिचे अवयव मिळायला १९०३ साल उजाडलं. फ्रँक नेल्सन कोल याने ते शोधले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली सत्तावीस वर्षं गणितज्ञांना माहीत होतं की संख्या फुटते, पण कुठे फुटते हे माहीत नव्हतं.

पायरी ६: मूळ अवयव

आता खरं काम. संख्या संयुक्त असेल तर तिचा किमान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो. आपली मर्यादा २५,२०५. २५,००० पर्यंतच २,७६२ मूळ संख्या आहेत, त्यामुळे एवढे भागाकार करायचे या विचाराने हातपाय गळू शकतात. धीर सोडू नका, ही मर्यादा आपोआप खाली येत जाते.

१३ पर्यंत झालं आहे. १७ ने भागल्यावर बाकी १२. १९ ने बाकी १, अगदी थोडक्यात हुकलं. २३, २९, ३१, ३७ यांचाही भाग जात नाही. मग ४१:

६३,५३,१८,६५७ = ४१ × १,५४,९५,५७७

लगेच ताळा पाहा. ४१ ची नवाची बाकी ५. दुसऱ्या अवयवाच्या अंकांची बेरीज ४३, म्हणजे बाकी ७. ५ × ७ = ३५, बाकी ८. जुळलं. अकराने: ४१ ची बाकी ८, दुसऱ्याची ९, गुणाकार ७२, बाकी ६. तेही जुळलं.

आता मूळची संख्या विसरा. यापुढे १,५४,९५,५७७ ला फोडायचं आहे, आणि तिचं वर्गमूळ ३,९३६ च्या थोडं पुढे आहे. पंचवीस हजारांची मर्यादा एका अवयवाने चार हजारांच्या आत आली. ४१ पासूनच पुढे चालू ठेवा. ४१ वरच पुन्हा एकदा भागून पाहायचं विसरू नका, कारण अवयव दोनदाही येऊ शकतो. इथे येत नाही. ४३, ४७, ५३ असं करत ११३ ला पोचलं की:

१,५४,९५,५७७ = ११३ × १,३७,१२९

नवी मर्यादा ३७०. आणि २४१ ने पुन्हा भाग जातो: १,३७,१२९ = २४१ × ५६९. उरलेल्या ५६९ चं वर्गमूळ २४ हूनही कमी आहे, आणि २४१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आपण आधीच वापरून झालो आहोत. म्हणजे ५६९ मूळच आहे, तिच्यासाठी वेगळी तपासणी नको.

६३,५३,१८,६५७ = ४१ × ११३ × २४१ × ५६९

२४१ ही ५३ वी मूळ संख्या आहे. अडीच हजारांहून अधिक मूळ संख्यांची भीती होती, ५३ संख्यांत काम झालं.

ज्यांना दुसरी वाट पाहायची आहे त्यांच्यासाठी: फर्माचीच आणखी एक रीत आहे. वर्गमूळाच्या लगेच पुढच्या संख्येपासून, म्हणजे २५,२०६ पासून, एकेक संख्येचा वर्ग घ्यायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. ७६ व्या प्रयत्नात २५,२८१ येतो: त्याचा वर्ग ६३,९१,२८,९६१, वजाबाकी ३८,१०,३०४, आणि हा बरोबर १,९५२ चा वर्ग. म्हणून अवयव २५,२८१ − १,९५२ = २३,३२९ आणि २५,२८१ + १,९५२ = २७,२३३. पहिला म्हणजे ४१ × ५६९, दुसरा ११३ × २४१. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हा ही रीत फार वेगाने चालते, नसतील तेव्हा अंत पाहते.

पायरी ७: अवयवांवरून जे फुकट मिळतं

एकदा मूळ अवयव हातात आले की कितीतरी प्रश्न एका ओळीत सुटतात. चार वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २ × २ × २ × २ = १६. त्यांची बेरीज ४२ × ११४ × २४२ × ५७० = ६६,०४,५६,७२०. त्यातून खुद्द संख्या वजा केली तर २,५१,३८,०६३ उरतात. परिपूर्ण संख्येत ही उरलेली बेरीज संख्येएवढी असते, जसं ६ = १ + २ + ३. आपली संख्या त्यापासून फारच दूर आहे.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ सोडून तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या ४० × ११२ × २४० × ५६८ = ६१,०७,१३,६००. शंभरातल्या ९६ हून जास्त. तिचे अवयव मोठे आणि मोजके असल्यामुळे फार थोड्या संख्यांशी तिचं काही सामाईक आहे.

सोळा विभाजकांच्या आठ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीतून संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते, जशी वर २५,२८१ आणि १,९५२ ने लिहिली. म्हणजे वजाबाकीचे आठ मार्ग. हा आठ लक्षात ठेवा.

आणि आता चारही अवयवांकडे नीट पाहा. ४१, ११३, २४१, ५६९. प्रत्येकाला ८ ने भागा: ४१ = ८ × ५ + १, ११३ = ८ × १४ + १, २४१ = ८ × ३० + १, ५६९ = ८ × ७१ + १. चौघांची बाकी १. २ सोडून बाकीच्या मूळ संख्यांना ८ ने भागल्यावर १, ३, ५, ७ यांपैकी कोणतीही बाकी येऊ शकते, आणि दूरवर पाहिलं तर चारही सारख्याच प्रमाणात येतात. चार अवयव आणि चौघेही एकाच गटातले, असं दिसलं की थांबायचं आणि कारण शोधायचं. आकडेमोड करणाऱ्याने जपावा असा हाच तो गुण.

पायरी ८: दोन वर्गांची बेरीज

२ सोडून कोणती मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते? जिला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते ती, आणि फक्त तीच. आपल्या अवयवांची ८ ने बाकी १, म्हणजे ४ ने बाकीही १. चौघेही दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता आले पाहिजेत. शोधायचं कसं, तर संख्येतून मोठ्यात मोठा वर्ग वजा करत खाली यायचं आणि उरतो तो वर्ग आहे का ते पाहायचं. ५६९ साठी: २३ चा वर्ग काढला तर ४० उरतात, २२ चा काढला तर ८५, २१ चा काढला तर १२८, २० चा काढला तर १६९, आणि १६९ हा १३ चा वर्ग. चार प्रयत्न. असंच बाकीच्यांचं करून या जोड्या मिळतात (प्रत्येक जोडीतल्या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज करायची):

४१: (४, ५)
११३: (७, ८)
२४१: (४, १५)
५६९: (१३, २०)

आता या जोड्या एकमेकींशी गुणायच्या. त्यासाठीची नित्यसमानता ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्तात, इ. स. ६२८ मध्ये, आपल्याला लागते त्याहूनही व्यापक रूपात दिली आहे. एका संख्येची जोडी (क, ख) आणि दुसरीची (ग, घ) असेल तर त्यांच्या गुणाकाराच्या दोन जोड्या मिळतात:

पहिली: कग − खघ आणि कघ + खग
दुसरी: कग + खघ आणि कघ − खग

वजाबाकी ऋण आली तर चिन्ह सोडून द्या, वर्गच करायचा आहे. (४, ५) आणि (७, ८) घेऊ. पहिली: २८ − ४० म्हणजे १२, आणि ३२ + ३५ म्हणजे ६७. दुसरी: २८ + ४० म्हणजे ६८, आणि ३२ − ३५ म्हणजे ३. म्हणून ४१ × ११३ = ४,६३३ च्या जोड्या (१२, ६७) आणि (३, ६८). पडताळा: १४४ + ४,४८९ = ४,६३३ आणि ९ + ४,६२४ = ४,६३३.

तसंच २४१ × ५६९ = १,३७,१२९ च्या जोड्या (२४८, २७५) आणि (११५, ३५२) येतात. या तुम्ही स्वतः काढून पाहाच. वाचून पुढे गेलात तर पुढच्या पायरीची चव लागणार नाही.

आता ४,६३३ ची प्रत्येक जोडी १,३७,१२९ च्या प्रत्येक जोडीशी गुणायची. चार गुणाकार, प्रत्येकातून दोन जोड्या, एकूण आठ:

(१२, ६७) व (११५, ३५२) पासून: (२२,२०४, ११,९२९) आणि (२४,९६४, ३,४८१)
(१२, ६७) व (२४८, २७५) पासून: (१५,४४९, १९,९१६) आणि (२१,४०१, १३,३१६)
(३, ६८) व (११५, ३५२) पासून: (२३,५९१, ८,८७६) आणि (२४,२८१, ६,७६४)
(३, ६८) व (२४८, २७५) पासून: (१७,९५६, १७,६८९) आणि (१९,४४४, १६,०३९)

आठ मार्ग, वजाबाकीचे होते तेवढेच. दोन वर्गांच्या बेरजेचे याहून वेगळे मार्ग या संख्येला नाहीत.

पायरी ९: यादीकडे पुन्हा पाहा

इथे कॅलक्युलेटर खाली ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. या सोळा संख्यांचं वर्गमूळ काढून पाहा. बहुतेकांचं पूर्णांकात येत नाही. पण ३,४८१ हा ५९ चा वर्ग आहे. तिचीच जोडीदार २४,९६४ ही १५८ चा वर्ग. आणि शेवटच्या ओळीतली १७,६८९ हा १३३ चा वर्ग, तर तिची जोडीदार १७,९५६ हा १३४ चा.

वर्गाचा वर्ग म्हणजे चौथा घात. म्हणजे आपली संख्या दोन चौथ्या घातांची बेरीज आहे, आणि तीही दोन वेगवेगळ्या प्रकारे:

५९ चा चौथा घात १,२१,१७,३६१ आणि १५८ चा चौथा घात ६२,३२,०१,२९६. बेरीज ६३,५३,१८,६५७.
१३३ चा चौथा घात ३१,२९,००,७२१ आणि १३४ चा चौथा घात ३२,२४,१७,९३६. बेरीज ६३,५३,१८,६५७.

असा गुण असलेली ही सर्वांत लहान संख्या आहे. ऑयलरने ती १७७२ मध्ये शोधली. रामानुजन आणि १७२९ ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: दोन घनांची बेरीज दोन प्रकारे होणारी सर्वांत लहान संख्या, १ आणि १२ चे घन किंवा ९ आणि १० चे घन. त्या गोष्टीचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. इंग्रज गणितज्ञ हार्डीने लगेच विचारलं होतं की चौथ्या घातासाठी अशी संख्या कोणती. रामानुजनने क्षणभर विचार केला आणि सांगितलं की चटकन उदाहरण दिसत नाही, पण पहिली अशी संख्या फार मोठी असावी. ती ही. १७२९ च्या जवळजवळ पावणेचार लाख पट मोठी.

आणि आता त्या ८ ने उरणाऱ्या बाकीचा उलगडा. समजा २ सोडून एखादी मूळ संख्या, तिला म म्हणू, ५९ आणि १५८ यांच्या चौथ्या घातांच्या बेरजेला पूर्ण भागते. म ने उरणाऱ्या बाक्यांच्या हिशेबात एका घाताला दुसऱ्याने भागलं तर उत्तर −१ येतं. म्हणजे अशी एक संख्या सापडते जिच्या चौथ्या घाताची बाकी −१ आहे. मग तिच्या आठव्या घाताची बाकी १, आणि आठच्या आधीच्या कोणत्याही घाताची १ नाही. पण पायरी ५ मधलं फर्माचं प्रमेय २ च्याच नव्हे, तर म ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येच्या घातांना लागू आहे: (म − १) व्या घाताची बाकी १. दर आठ घातांनी बाक्यांचं चक्र पुन्हा सुरू होत असेल तर म − १ ला ८ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. म्हणून म ला ८ ने भागल्यावर बाकी १. चारही अवयव एकाच गटात यायचं कारण संख्येच्या घडणीतच होतं.

हे आधी माहीत असतं तर पायरी ६ किती सोपी झाली असती पाहा. २४१ पर्यंत ८ ने बाकी १ येणाऱ्या मूळ संख्या एवढ्याच: १७, ४१, ७३, ८९, ९७, ११३, १३७, १९३, २३३, २४१. ५३ ऐवजी दहा.

पाचव्या घातासाठी अशी संख्या, म्हणजे दोन पाचव्या घातांची बेरीज दोन प्रकारे होणारी, आजवर कुणालाही सापडलेली नाही. ती नाहीच, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

सरावासाठी

चौथ्या घातांची बेरीज दोन प्रकारे होणारी यापुढची संख्या ३,२६,२८,११,०४२ आहे. ही सम आहे, म्हणजे २ वेगळा काढा आणि १,६३,१४,०५,५२१ घेऊन बसा. बेरजेतले दोन्ही चौथे घात विषम संख्यांचे आहेत. त्या बेरजेला १६ ने भागल्यावर किती बाकी उरते ते आधी पाहा आणि ती तेवढीच का, हे शोधा. मग वरची दहा मूळ संख्यांची यादी समोर ठेवून १७ पासून भागायला सुरुवात करा. १७, ४१, ७३, ८९, ९७ यांचा भाग जाणार नाही. त्यानंतर एक ओळखीचा अवयव भेटेल.